लाकडी गॅलरी, माडी, डेक : दुरुस्तीचे तुमचे अनुभव सांगा

गोदाकाठची
काल शेजारच्या वाड्याची गॅलरी उतरवायला घेतली. सकाळी सातला पहारीचा आवाज सुरू. गंजका खिळा सागातून उपटताना जो किंचाळतो ना, तो ऐकला आणि आमचीच गॅलरी आठवली. म्हणून हा धागा.

आमचा वाडा नाशिकला, सराफ बाजाराच्या मागे. पहिल्या मजल्यावर चौकाकडे तोंड करून गॅलरी, साडेतीन फूट रुंद, बावीस फूट लांब. २००८ च्या सप्टेंबरात गोदावरी आत आली, तेव्हा चौदा माणसं, दोन सिलिंडर आणि खालच्या भाडेकरूंच्या आजी अशी सगळी रात्र आम्ही त्याच गॅलरीत काढली. पाणी ओसरल्यावर जो तो चिखल काढायच्या मागे. वर कोण बघणार? खालच्या खांबांनी किती पाणी पिलंय ते दोन वर्षांनी कळलं. वाळवी खांबातून चढून फळ्यांपर्यंत पोचली होती.

मिस्त्री आले, बोलले काही नाहीत. पटाशीचं टोक प्रत्येक फळीत दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. कुठे टक्क आवाज, कुठे पटाशी लोण्यात जावी तशी आत. एकतीस फळ्यांपैकी नऊ गेल्या. बाबांना सगळं काढून स्लॅब हवा होता. मिस्त्री म्हणाले, "दादा, लाकडी सांगाड्यावर सिमेंटचं वजन टाकू नका, खांब पाया सोडतील." तेव्हा बाबांना त्यांचा राग आला, पण मला अजून वाटतं की त्या एका वाक्याने वाडा वाचला.

फळ्या उचलल्या तर खालच्या तक्तपोशीवर, म्हणजे खालून ठोकलेल्या लाकडी छतावर, काय काय! केसांचे आकडे, बांगड्यांचे तुकडे, पाटीवरच्या पेन्सिली आणि कमळाचं पिवळं वीस पैसे. आजी ते नाणं हातात घेऊन बसली, जेवायला उठेना.

तुमचं सांगा. दुरुस्ती केली, बदललं, सोडून दिलं, काहीही चालेल.

रंधा_आणि_पटाशी
मिस्त्री जाणकार होते तुमचे. सागाचा गाभा वाळवी सहसा धरत नाही, सालीकडचं पांढरं लाकूड आधी जातं. तुमच्या नऊ फळ्यांत कडेला पांढरा पट्टा असणार, बघितलं होतं का?
तक्तपोशी परत ठोकली की काढली? वर फळी, खाली तक्तपोशी आणि मधे कोंडलेली हवा. ओल तिथेच मुरते.

गोदाकाठची
काढली दादा. आता खालून फळ्या उघड्या दिसतात. आईला ते बोडकं वाटतं अजून. आणि नव्या फळ्यांत दीड-दोन सूत (जेमतेम पाव इंच) फट ठेवली, पाणी थांबत नाही. पांढरा पट्टा होता, बरोबर ओळखलंत.

निफाडची_सून
वाचून भरून आलं. आमच्या सासरी माडीवर कुरडया वाळत घालायच्या, फळीच्या फटीतून खाली चीक पडायचा आणि सासरे ओरडायचे. माडी २०१३ ला पाडली. कुरडया आता गच्चीवर, त्या चवीच्या होत नाहीत, उन्हाचा फरक असेल
कुकरची शिट्टी झाली, येते

वरचा_मजला
वाडा नाही, गंगापूर रोडला फ्लॅट आहे. टेरेसवर डेक केला. आधी पाइनचा, तीन पावसाळ्यांत काळा पडून मऊ झाला. मग डब्ल्यूपीसीच्या (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकच्या मिश्रणाच्या) पट्ट्या. ठेकेदाराने भिंतीला चिकटवून, मधे फट न ठेवता बसवल्या. एप्रिलच्या उन्हात पट्ट्या फुगल्या आणि मधोमध कमान झाली, मुलीचा पाय अडकून पडली. हनुवटीला तीन टाके.
दुसऱ्यांदा उघडला तेव्हा कळलं की खालची पाण्याची जाळी पानांनी बंद, पाणी साचलेलं आणि त्यात डासांच्या अळ्या. म्हणजे डेंग्यूचं घर आम्हीच बांधलं होतं. आता जाळीवरचा दोन फुटांचा तुकडा स्क्रू न मारता नुसता ठेवलाय, दर रविवारी उचलून साफ करते. नवीन करणाऱ्यांनी हे एवढं तरी कराच.

सातपूरकर
@वरचा_मजला लेक बरी आहे ना आता?

वरचा_मजला
हो, बरी आहे. खूण राहिली बारीक.

तिवंधा
जरा विषयांतर. लाकूड आणि ओल म्हटलं की मला आमची रहाड आठवते, म्हणजे रंगपंचमीला रंगाच्या पाण्यात उड्या मारायचा जमिनीतला हौद. रंगपंचमी झाली की खड्ड्यावर जाड लाकडं टाकून वरून माती. वर्षभर त्याच्यावरून गाड्या जातात, बाहेरच्या माणसाला पत्ताच नसतो की खाली पेशवेकाळचा हौद आहे. उघडायच्या दिवशी ती लाकडं बाहेर काढताना आमचे काका प्रत्येकावर हात फिरवायचे, जनावरावर फिरवावा तसा. यंदा कोण कोण येतंय?

सातपूरकर
आम्ही दरवर्षी शनि चौकात 🙏

जवसतेल
आमच्या अंगणातल्या लाकडी ओट्याला दर दिवाळीआधी तेल लावतो. पॉलिश पेपरने घासायचं, दोन दिवस कडक ऊन खाऊ द्यायचं, मग उकळलेलं जवसाचं तेल पातळ हाताने. फळीची कापलेली तोंडं तीनदा पाजायची, पाणी तिथूनच सर्वात जास्त आत जातं.
आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. तेलाची चिंधी गोळा करून ठेवू नका. मी बोळा करून जिन्याखाली टाकला होता. संध्याकाळी धुराचा वास. चिंधी आपोआप पेटली होती, काडी नाही काही नाही. ते तेल वाळताना तापतं आणि बोळ्यातली उष्णता बाहेर जात नाही. शेजारी भाच्याची सायकल होती, त्यावर निभावलं. आता चिंधी पाण्यात बुडवतो, मग दोरीवर पसरून वाळवतो आणि नंतरच टाकतो.

रंधा_आणि_पटाशी
हे फार महत्त्वाचं. कारखान्यातसुद्धा पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो. अजून एक, बाहेरच्या कामाला साधे खिळे नकोत. गंजून फुगतात, फळी चिरते, वर काळे डाग. स्टेनलेसचे स्क्रू, आणि आधी भोक पाडून मगच मारायचे.

पंचवटी_२२
@गोदाकाठची खाली तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान, तोच वाडा का?

गोदाकाठची
हो!! तुम्ही कोण?

पंचवटी_२२
अगं मी तुमच्या आजीकडे शिकवणीला यायचे, चौथीपर्यंत. गॅलरीतच बसायचो ओळीने. पेन्सिली आमच्याच आहेत. पाढा येत नसला की पेन्सिल फटीत सोडायची आणि "बाई, हरवली" म्हणायचं. बाईंना माहीत होतं, कधी बोलल्या नाहीत. २०१९ ला गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या डोक्यावरून पाणी गेलं तेव्हा मी पुण्यातून टीव्हीवर तुमची गल्ली शोधत होते. बाई आहेत?

गोदाकाठची
२०१७ ला गेली. पेन्सिली तिने डब्यात घालून ठेवल्या होत्या, अजून आहेत. २०१९ ला पाणी पाचव्या पायरीपर्यंत होतं. या वेळी पाणी उतरल्यावर आधी खांबांची बुडं पुसली, पंखा लावून आठवडाभर वाळवली, मग भोकं पाडून वाळवीचं औषध सोडलं. गॅलरी ठणठणीत आहे ताई. या ना.

पंचवटी_२२
दिवाळीत येते नक्की.

निफाडची_सून
आले परत. मिस्त्रींचा नंबर मिळेल का? माडी गेली पण देवघरापुढचा लाकडी कठडा हलतोय, घरात लहान बाळ आहे

गोदाकाठची
मिस्त्री थकले आता, मुलगा करतो काम. व्यनि (खाजगी निरोप) करते. तोवर कठड्याला सुतळीने आवळून ठेवा, बाळाला तिकडे जाऊ देऊ नका.