गोव्याच्या सत्तरी तालुक्यातले मळे पावसाने ओस पाडले की माणसांनी?

केरीचा शेतकरी
काल इथे एकाने लिहिलं, ‘सत्तरीत भात संपलं ते आळसामुळे, हवामान बदल ही पळवाट. पाऊस पूर्वीही लहरीच होता.’ वाचून झोप उडाली.

लहरी होता, पण पेरणीचा अंदाज चुकत नव्हता. 2023 मध्ये जूनचा पहिला आठवडा कोरडा गेला आणि पुढे ऑगस्टनेही दगा दिला. देशातला 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. 2025 मध्ये उलट, मे संपायच्या आत पाऊस हजर. जमिनीला पेरणीजोगा वाफसा आलाच नाही, तरवा (भाताची रोपं) टाकायचा कुठे? मोरडीत (उंचावरच्या पावसाळी शेतात) बियाण्याआधी तणच वर आलं. आणि 2019 चा ऑक्टोबर! भात पिवळं होऊन कापणीला आलेलं, त्यावर क्यार वादळाचा पाऊस. आडवं पडलं, लोंबीतच मोड आले. आई दिवसभर मेरेवर (शेताच्या बांधावर) बसून होती. तिला आळशी म्हणायचं?

फोंड्याचा बागायतदार
ते मीच लिहिलं, मागे घेणार नाही. तुमच्या आईंबद्दल नव्हतं ते. पण भाताच्या जागी काजू कोणी लावला? काजूला चिखलणी नको, लावणीला माणसं नकोत, म्हणून लावला. 130 दिवसांची जया जात लावायची आणि ऑक्टोबरच्या पावसाला दोष द्यायचा, हे पटत नाही. ज्योती लावा, आधी हाताशी येते.

केरीचा शेतकरी
ज्योतीच होती! तरवा उशिरा लागला की तीही ऑक्टोबर गाठते. वेळेवर लावली तर सप्टेंबरच्या झोडपणीत फुलोरा सापडतो, पराग धुऊन जातो, लोंबी उभी पण निम्मे दाणे पोल, पोकळ. कोणती जात लावू, सांगा.

वाळपईची कृषी पदवीधर
नुसता पाऊस कशाला, रात्रीचा उकाडाही बघा. फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतल्या नोंदींवरून 2004 मध्ये प्रसिद्ध झालं होतं की, कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान 1 अंशाने वाढलं की भाताचं उत्पादन 10 टक्क्यांनी घटतं. आपल्या वायंगणीला (पावसाळ्यानंतरच्या भाताला) हे लागू पडेल. त्यात आमच्या वाड्यावर ओहोळ लवकर आटतो, म्हणून वायंगण सुटली ती सुटलीच.

डिचोलीकर
ताई, तापमान राहू दे. गव्यांचं बोला! रात्री कळप शिरला की सकाळी शेताचं गोठण झालेलं असतं. दिवसा माकडं, मोर. 2016 मध्ये गोव्याच्या कृषिमंत्र्यांनी मोराला उपद्रवी ठरवायचा विषय काढला तर देशभर ओरड झाली. ओरडणाऱ्यांपैकी कितीजणांनी शेतातल्या राखणीच्या माळ्यावर रात्र काढली?

रानवाट
म्हादई अभयारण्य 1999 मध्ये झालं, गवे त्याआधीपासून इथेच आहेत. डोंगर उतारावर काजू आणि रबर आपण लावलं, त्यांचं चरण गेलं. आता बंदुका मागता?

डिचोलीकर
बंदूक कोणी मागितली? शब्द तोंडात घालू नका. कुंपण मागतोय, भरपाई मागतोय. शहरात बसून गव्यावर प्रेम करायला खर्च येत नाही.

रानवाट
मी शहरात राहत नाही. माझी केळीची बाग गव्यांनी दोनदा झोपवली आहे. तरीही म्हणते, चूक त्यांची नाही.

केरीचा शेतकरी
भरपाईचं नाव काढू नका. मोकाशाची (जुन्या इनामदाराच्या नावावरची) जमीन, आजोबांपासून कसतोय, पण कागद आमच्या नावावर नाही. पीक पडलं तेव्हा कार्यालयात फोटो घेऊन गेलो. पहिला प्रश्न, ‘उतारा कुठे?’ काजू मात्र कागद न विचारता पैसे देतो. फोंडेकर भाऊ, तुम्ही ज्याला आळस म्हणता ना, त्याचं खरं कारण हे आहे.

फोंड्याचा बागायतदार
बरं. कागदाचा मुद्दा मान्य, शेवटचा पाऊस लांबतोय हेही मान्य, माझी सुपारी त्याच पावसात कोळेरोगाने गळते. पण सगळं हवामानावर टाकलं की उद्या पडीक मळा विकणाराही तेच कारण सांगेल. त्यापेक्षा पूर्ण मळी (शेतांचा सलग पट्टा) मिळून सौर कुंपण घाला आणि लावणी एकाच आठवड्यात उरका. एकट्याचं भात उभं राहिलं की सगळी जनावरं त्याच्यावरच तुटून पडतात.

केरीचा शेतकरी
आमच्या मळीत भात लावणारी तीनच घरं उरली आहेत. कुंपणाची वर्गणी तिघांनीच भरायची का, ते लिहा.