थंडी, पांघरूण आणि आपली दत्तक कुत्री: तुमचे अनुभव लिहा

पहाटे साडेचारच्या सुमाराला माझ्या पांघरुणाचं एक टोक उचललं जातं. आधी गारढोण नाक पोटरीला लागतं. मग २२ किलोंचं धूड आत शिरतं, जागच्या जागी दोन गिरक्या घेतं आणि माझ्या गुडघ्यांच्या मागच्या खाचेत असं काही बसतं की मला कूस बदलायची सोय राहत नाही. हा आमचा ढब्बू. तीन वर्षांपूर्वी उभ्या ट्रकखाली सापडला तेव्हा ९ किलोंचा होता.

हे मुद्दाम सांगतेय, कारण पहिल्या थंडीत हेच ध्यान घरात झोपायला तयार नव्हतं. दार लावलं की धापा टाकायचा, लाळ गाळायचा, चौकट खरवडायचा. बाहेर कुडकुडायचं की आत उबेला यायचं, यात विचार करण्यासारखं काय आहे, असं मला वाटायचं. पण त्याच्या हिशेबात थंडी ओळखीची होती, बंद दार नव्हतं. शेवटी दार वीतभर उघडं ठेवून मीच स्वेटर, मोजे, कानटोपी चढवून हॉलमध्ये जमिनीवर झोपले. रोज फट बोटभर कमी करत गेले. सतराव्या रात्री कडी लावली तेव्हा त्याने एक कान हलवला आणि परत झोपला. मी मात्र जागीच होते, सर्दीने.

तर ज्यांच्या घरी रस्त्यावरून, निवाऱ्यातून, किंवा कुणी सोडून दिलं म्हणून आलेलं कुत्रं आहे, त्यांनी थंडीतले दिवस कसे जातात ते लिहा. सल्ले चालतील, पण आधी किस्सा, मग सल्ला.
(ढब्बूची आई)

* * *

भुरीचा बाबा

भुरी आमच्याकडे आली तीच म्हातारी होऊन. डॉक्टरांनी दात बघून दहाच्या पुढची सांगितली. आधीच्या घरच्यांना घर बदलताना ती नेता आली नाही म्हणे. असो, त्यावर लिहायला बसलो तर तोंडातून भलतंच येईल.

थंडी सुरू झाली आणि भुरी हप्त्याहप्त्याने उठायला लागली. आधी पुढचे पाय. मग जरा विचार. मग मागचा भाग, तोही एका बाजूने. जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबून लांब कुठेतरी बघत राहायची, जणू तिथे थांबायचंच ठरलं होतं. आम्ही 'आळशी झाली' म्हणून हसायचो. सांधे धरले होते. कुत्री दुखलं म्हणून केकाटतीलच असं नाही, ती नुसती कमी हलतात, हे मला त्या दिवशी कळलं आणि हसल्याची लाज वाटली.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. त्या रात्री मी माझी पाठदुखीची गोळी अर्धी करून तिला देणार होतो. हातात घेतली होती. बायको म्हणाली, आधी फोन कर. डॉक्टरांनी फोनवरच झापलं. आयबुप्रोफेनने कुत्र्यांच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं जातात. पॅरासिटामॉलही आपल्या मनाने द्यायचं नाही, ते यकृतावर जातं. कुत्र्यांची वेदनाशामकं वेगळी असतात आणि ती वजनावर ठरतात.

आता औषध आहेच, पण खरा फरक पडला तो फरशीमुळे. गुळगुळीत फरशीवर तिचे मागचे पाय फाकायचे आणि त्या भीतीने ती उठायचंच टाळायची. योगासनांच्या दोन जुन्या चटया कापून तिच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत पट्ट्या टाकल्या. ही भुरीची पायवाट. आता बाईसाहेब उघड्या फरशीवर पाऊल टाकत नाहीत. पट्टी संपते तिथे उभ्या राहून भुंकतात, म्हणजे आम्ही पुढचा रस्ता बांधून द्यायचा. स्वयंपाकघरापर्यंतचं काम गेल्या आठवड्यात पूर्ण झालं.

* * *

टिचकीची आई

आणलेले स्वेटर: ३. शिल्लक: दीड बाही. थंडी वाजते का विचारलं तर शेपटी हलवते.

* * *

खंड्याचा बाबा

स्वेटरवरून आमच्या घरी दोन तट आहेत. माझ्या आईचं म्हणणं, देवाने अंगावर केस दिलेत ते कशाला? तिचं निम्मं बरोबर आहे. ज्यांना वरचे राठ केस आणि खाली लोकरीसारखा दाट थर असतो, त्यांना घरात कपड्यांची गरज नाही, उलट उकडतं. पण सडपातळ, आखूड केसांची, अगदी लहान, म्हातारी किंवा आजारी कुत्री खरोखर गारठतात.

खंड्या आला तेव्हा त्याच्या अंगावर केसच नव्हते. डेमोडेक्स नावाच्या किड्यांची खरूज. डॉक्टरांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मलाही बघायला बोलावलं. सिगारच्या आकाराचे, पुढे आखूड पायांच्या जोड्या असलेले जीव. ही खरूज माणसांना होत नाही, हे मी इमारतीतल्या प्रत्येक मजल्यावर जाऊन सांगितलं, तरी लिफ्टमध्ये आमच्याबरोबर महिनाभर कुणी आलं नाही. तसा फायदाच झाला.

त्या थंडीत आईच्या जुन्या बनियन-स्वेटरच्या बाह्या कापून त्याला घातल्या. शिवल्या कोणी? केसांचा मुद्दा मांडणाऱ्या आईनेच. तेव्हा लागलेले दोन धडे: स्वेटर ओला झाला की लगेच काढायचा, ओल्या लोकरीपेक्षा उघडं अंग बरं. आणि दिवसातून एकदा पूर्ण काढून काखेत हात फिरवून बघायचं. तिथे घासून लाल चट्टे पडतात आणि कपड्याखाली ते दिसत नाहीत.

आता खंड्याला छान तपकिरी केस आलेत, स्वेटरची काही गरज नाही. पण हवा गार झाली की कपाटापुढे जाऊन बसतो आणि पुढचा उजवा पाय वर धरतो. बाहीत घालायला. घालेपर्यंत खाली ठेवत नाही.

* * *

कोयलची आई

मी लवकर आटपते, कारण आठवलं की अजून पोटात गोळा येतो. कोयल दोन्ही डोळ्यांनी आंधळी आहे. हीटर लावला की उबेच्या दिशेने बरोबर जाऊन पाठ टेकायची, आम्ही कौतुक करायचो. एका रात्री केस जळाल्याचा वास आला. पाठीवर हाताएवढा भाग लाल. ती हललीसुद्धा नव्हती. ऊब सुखाची वाटते तोवर कुत्रं भाजेपर्यंत पडून राहू शकतं, म्हातारं किंवा अधू असेल तर जास्तच. हीटरभोवती जाळीचा अडसर घाला, वायर भिंतीलगत घ्या. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही नाही. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला (कार्बन मोनॉक्साइड) वास नसतो, तुम्हालाही कळणार नाही आणि तिलाही.

* * *

गुंडी आणि मोठ्याची आई

आमचा मोठ्या आठ वर्षांचा. गुंडी गेल्या थंडीत निवाऱ्यातून आली, अंदाजे वर्षाची. निवाऱ्यात तिला जोराच्या पाइपने धूत असावेत असा माझा अंदाज आहे, कारण नळाचा आवाज आला की ती पलंगाखाली. बाथरूमचा उंबरा ती सुरुवातीला ओलांडायचीच नाही. आम्हीही ओल्या फडक्याने पुसून काम भागवलं. थंडीत तसंही वरचेवर आंघोळ घालू नये, कातडी कोरडी पडून कोंडा होतो.

ती आली त्याच्या चौथ्या रात्री दोन वाजता खोकायला लागली. खोकला म्हणजे काय, बदकाने हॉर्न वाजवावा तसा, आणि शेवटी ओकारी काढल्यासारखं. आमची खात्री, घशात काहीतरी अडकलं. ह्यांनी जबडा धरला, मी टॉर्च. दोन माणसं आणि एक घाबरलेली कुत्री रात्री दोनला घसा बघतायत. आत काही नाही. सकाळी डॉक्टरांनी गळ्यावर दोन बोटं हलकेच दाबली आणि तोच हॉर्न वाजला. केनेल कफ. बोर्डेटेला जंतू आणि काही विषाणू मिळून होतो, जिथे खूप कुत्री दाटीने राहतात तिथून घेऊन येतात. बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांत आपसूक बरा होतो, पण पिल्लांना आणि म्हाताऱ्यांना न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. लस आहे. मोठ्याची ती द्यायची राहिली होती, आणि पाचव्या दिवशी घरात दोन हॉर्न झाले.

आमच्या अकलेचा आणखी एक नमुना. ह्यांनी थर्मामीटर लावला, ३८.६ आला, आणि अंगात ताप म्हणून आम्ही पुन्हा दवाखान्यात. कुत्र्यांचं नेहमीचं तापमानच साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. डॉक्टर हसले नाहीत, पण त्यांच्या मदतनीस मुलीला हसू आवरलं नाही. नाक गरम लागलं म्हणजे ताप, हेही खरं नाही, तेही त्याच दिवशी समजलं.

गळ्यातला पट्टा काढून छातीचा पट्टा घातला, कारण दोरी ताणली की खोकल्याची उबळ यायची. आणि वाफ द्या म्हणाले. बाथरूममध्ये गरम पाणी सोडायचं, दार लावायचं, कुत्र्याला घेऊन दहा मिनिटं नुसतं बसायचं. आमचा मोठ्या तर ऐटीत जाऊन बसला. गुंडीचं काय करायचं?

मी तिला उचलून नेलं नाही. आधी गरम नळ सोडून वाफ भरून घेतली, नळ बंद केला, दार उघडं ठेवलं आणि मोठ्याशेजारी ओल्या फरशीवर मांडी घालून बसले. पहिल्या दिवशी ती पलंगाखालून नुसती बघत होती. दुसऱ्या दिवशी उंबऱ्याशी आली, मोठ्या खोकला की तीही खोकायची, जुगलबंदीच. तिसऱ्या दिवशी पुढचे दोन पाय आत, मागचे दोन बाहेर, अशी पाच मिनिटं उभी राहिली. पाय थरथरत होते. मग एकदम आत आली, माझ्या मांडीवर चढली आणि तोंड काखेत खुपसलं. दार लावायचं धाडस मी केलं नाही. अर्धी वाफ बाहेर गेली.

खोकला गेला. नळाची भीती अजून आहे. पण मी आंघोळीला गेले की आता ती उंबऱ्यावर बसून राहते, आत पाठ करून.

* * *

पिंट्याची मावशी

पिंट्या ताईचा, पण थंडीत माझ्याकडे असतो. दोनच गोष्टी. थंडीत पाणी फार कमी पितो, लघवी गडद पिवळी दिसली तेव्हा लक्षात आलं. भांडं दिवसातून तीनदा कोमट पाण्याने भरायला लागले, मग प्यायला लागला. आणि 'थंडी आहे, चार घास जास्त' हे बाहेर राहणाऱ्या किंवा भरपूर पळणाऱ्या कुत्र्यांसाठी ठीक आहे. घरात लोळणाऱ्याला नाही. दोन महिन्यांत दीड किलो वाढला आणि ताईने मला बोल लावले. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत, डोळ्याला नाही, हे आमच्या डॉक्टरांचं माप.

* * *

ढब्बूची आई

मध्येच घुसते. थंडीत गोचिडं नसतात म्हणून मी पहिल्या वर्षी औषध बंद केलं होतं. ऐन थंडीत हॉलच्या पडद्याच्या शिवणीत ओळीने बसलेली सापडली. तपकिरी गोचीड घरातल्या उबेत, भेगांमध्ये, आपलं सगळं आयुष्य काढू शकते. तिला कॅलेंडर कळत नाही. औषध बारा महिने चालू ठेवा.

आणि पिल्लं घेऊन येणाऱ्यांसाठी एक. आई नसलेली अगदी नवजात पिल्लं थंडीत सापडली तर आधी दूध नाही, आधी ऊब. पहिले काही आठवडे त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, धड कुडकुडताही येत नाही, आणि गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, पण सरकायला दुसरीकडे मोकळी जागा राहू द्या.

* * *

शंभूचे आजोबा

मुलगी म्हणाली बाबा तुम्हीही लिहा, म्हणून लिहितो. टंकलेखनाच्या चुका समजून घ्याव्यात.

शंभू आमच्याकडे आला तो एका बांधकामावरून. काम संपलं, माणसं गेली, हा राहिला. रिकाम्या गोणपाटांच्या ढिगावर झोपत असे. थंडी आली तशी मुलीने त्याच्यासाठी गादी आणली. मऊ, कडेला लोड असलेली. माझ्या स्वतःच्या गादीहून चांगली. शंभूने ती चारी बाजूंनी हुंगली आणि शेजारी गार फरशीवर अंगाची जुडी करून, नाक शेपटीखाली घालून झोपला. आठ दिवस हेच. गादीवर खाऊ ठेवला तर मान लांब करून खाऊ घेई, पाऊल ठेवत नसे. मुलगी हिरमुसली.

मला रात्री झोप कमी. दोन-अडीचला उठून बघायचो तर हा फरशीवर कुडकुडतोय आणि गादी शेजारी रिकामी. मलाच राहवेना. एक दिवस काही न बोलता त्या बांधकामावर गेलो, एक गोणपाट मागून आणलं आणि गादीवर पसरलं. सिमेंटची धूळ होती, दोनदा झटकलं, पण धुतलं नाही. घरात आरडाओरडा झाला. शंभू आला, पंजाने गोणपाट ओढून गोळा केलं, तीन फेऱ्या मारल्या आणि असा आवाज काढून बसला, माझे वडील शेतातून आल्यावर खाटेवर बसताना काढायचे तसा.

ही त्याची चौथी थंडी. गोणपाट आता विरलंय, मधोमध मोठं भोक पडलंय. मुलीने नवं आणलं. मी ते जुन्याच्या खाली घालून ठेवलंय, वास लागेपर्यंत.