हिऱ्याचं स्ट्रक्चर आणि इमारतीचं स्ट्रक्चर, एकच गोष्ट आहे का?

प्रश्न (अकरावीची_आई): लेकीच्या रसायनशास्त्रात स्ट्रक्चर, जीवशास्त्रातही स्ट्रक्चर, आणि सोसायटीच्या सभेत स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी. ती विचारते, सगळीकडे एकच अर्थ का? काय सांगू?

प्रतिसाद (कॉलम_बीम): ताई, मी ऑडिटची कामं करते, म्हणून इमारतीपासून सुरुवात करते. इमारतीचं स्ट्रक्चर म्हणजे वजन कोणत्या वाटेनं जमिनीत उतरतं ते. आरसीसी फ्रेममध्ये, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्यात, स्लॅबचं वजन बीमवर (आडव्या तुळईवर), बीमचं कॉलमवर (उभ्या खांबावर) आणि तिथून फुटिंगमध्ये, म्हणजे पायात जातं. मधल्या साडेचार इंची भिंती आडोशाला. जुन्या लोडबेअरिंग घरात मात्र भिंतच मजला पेलते. वीट दोन्हीकडे तीच, काम वेगळं.

पण आडोशाची भिंत म्हणजे बिनकामाची, असं लेकीला सांगू नका. भूकंपात इमारत आडवी हलते, तेव्हा याच भिंती तिला ताठ ठेवतात. वर सगळीकडे भिंती आणि खाली पार्किंगसाठी नुसते कॉलम असले, की सगळी हालचाल त्या एका मजल्यावर येते. 2001 च्या भूज भूकंपात अहमदाबादला अशा कितीतरी इमारती कोसळल्या. आजही स्टिल्ट पार्किंग पाहिलं की माझी नजर आधी कॉलमवर जाते.

प्रतिसाद (खडू_फळा): हिरा आणि ग्रॅफाइट (पेन्सिलीतलं 'शिसं' याचंच) दोन्ही शुद्ध कार्बन. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना चारही दिशांनी बांधलेला. ग्रॅफाइटमध्ये तिघांनाच, एका प्रतलात, म्हणजे सपाट थरात. थरांमधली पकड ढिली. म्हणून पेन्सिल कागदावर उमटते.

प्रतिसाद (गडचिरोली_लॅब): आमच्याकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन; त्याच्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं (प्रथिनाचे मणी) असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं, की ऑक्सिजन सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून दोरे होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. वेदनांनी तळमळणारी पोरं पाहिली की ती एक जागा विसरता येत नाही.

प्रतिसाद (कॉलम_बीम): ताई, तिघांचं बोलणं एकाच ठिकाणी येतं: कोण कोणाला, कुठे आणि कसं जोडलंय. तेवढा अर्थ सगळीकडे सारखा. फरकही सांगा. हिमोग्लोबिन ऑक्सिजन घेताना आकार बदलतं, त्याचं कामच त्यावर चालतं. माझी इमारत वाऱ्याने किती हलावी याला मर्यादा घालावी लागते.

प्रतिसाद (अकरावीची_आई): लेकीला वाचून दाखवलं, फार आवडलं. आता माझा प्रश्न. आमच्या वरच्या मजल्यावर स्वयंपाकघराची भिंत काढायचं चाललंय. मिस्त्री म्हणतो, पातळ आहे, काही होत नाही.

प्रतिसाद (कॉलम_बीम): काम आजच थांबवायला सांगा. नुसत्या जाडीवरून ठरत नाही. सेक्रेटरींकडून मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागा आणि इंजिनिअरला प्रत्यक्ष जागेवर आणा. इमारत कोणत्या सालची आहे?

प्रतिसाद (अकरावीची_आई): 1978 ची. सेक्रेटरींना आत्ताच फोन करते.