रायफलची नळी जाड असली की नेम अधिक अचूक लागतो का?

प्रश्न: ५० मीटर नेमबाजी प्रकारातील .२२ (सुमारे ०.२२ इंच व्यासाची गोळी झाडणाऱ्या) रायफलींच्या नळ्या शिकारी रायफलींच्या तुलनेत बऱ्याच जाड दिसतात. या जाडीमुळे अचूकता खरोखर वाढते, की केवळ वजन वाढते?

पहिले उत्तर: गोळी सुटताना नळी कंप पावते आणि गोळी बाहेर पडण्याच्या क्षणी नळीचे तोंड कोठे असेल, यावर नेम ठरतो. ताठ नळी कमी कंप पावते; नळीचा ताठपणा साधारणपणे बाह्य व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढत असल्याने, १६ मिलिमीटरऐवजी २२ मिलिमीटर व्यासाची नळी घेतल्यास तो सुमारे साडेतीन पट होतो. लांबी कमी केली तरीही ताठपणा वाढतो, हे सहसा विसरले जाते.

दुसरे उत्तर: वरील विवेचन योग्य आहे, मात्र पहिल्या दोन-तीन गोळ्यांपुरती उत्तम घडणीची पातळ नळीही तितकीच अचूक असू शकते. मोठ्या काडतुसांच्या रायफलीतून लागोपाठ गोळ्या झाडल्या की पातळ नळी लवकर तापते आणि धातूत अंतर्गत ताण शिल्लक असतील तर किंचित वाकते, त्यामुळे लक्ष्यावरील गोळ्यांच्या खुणांचा समूह सरकतो. जाड नळी उशिरा तापते, पण थंडही सावकाश होते. .२२ मध्ये उष्णतेचा प्रश्न जवळजवळ नसतोच.

प्रश्नकर्ता: मग .२२ मध्ये जाडी कशासाठी?

दुसरे उत्तरदाते: ताठपणासाठी, आणि माझ्या मते त्याहूनही स्थिरतेसाठी. लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असताना पुढे झुकणारे वजन हाताचा थरथराट शोषून घेते. अर्थात, निकृष्ट काडतुसांचा दोष कोणतीही जाडी झाकत नाही.