शेरलॉक संपली, आता डॉक्टर हू कुठून सुरू करू?

मिठाची_बरणी
कंबरबॅचची 'शेरलॉक' ही होम्सवरची बीबीसी मालिका आईबरोबर दुसऱ्यांदा बघून संपवली. १३च तर भाग. भाऊ म्हणतो, यातली बरीच मंडळी 'डॉक्टर हू' या कालप्रवासाच्या ब्रिटिश मालिकेत सापडतील. म्हणून २००५ला ती नव्याने सुरू झाली त्याचा पहिला भाग लावला, तर दुकानातले प्लॅस्टिकचे पुतळे चालायला लागले आणि आई कुकर लावायला उठून गेली. ओळखीचे चेहरे असलेले आणि मागचंपुढचं माहीत नसलं तरी कळतील असे भाग सुचवा ना.

रात्रपाळी
ताई, भावाचं बरोबर आहे. शेरलॉकचे निर्माते मॉफट आणि गॅटिस दोघंही आधी डॉक्टर हूचे लेखक. लंडन ते कार्डिफ रेल्वेने जाता-येता गप्पा मारतानाच शेरलॉकची कल्पना निघाली. गॅटिस म्हणजे आपला मायक्रॉफ्ट, शेरलॉकचा भाऊ. त्याला म्हातारपण उलटवणारा शास्त्रज्ञ म्हणून बघायचं तर 'द लाझारस एक्स्परिमेंट' (२००७). भाग यथातथाच, पण तो मजा आणतो.

आईंसाठी मात्र 'द फायर्स ऑफ पॉम्पेई' (२००८). शेरलॉकच्या पहिल्याच भागात समोर गोळ्यांच्या दोन बाटल्या ठेवून शांतपणे बोलणारा टॅक्सीवाला आठवतो? तोच फिल डेव्हिस इथे रोमन भविष्यवेत्ता आहे. त्याच्या झग्याखालच्या हाताकडे लक्ष ठेवा. त्याच भागात पीटर कपाल्डी साधा संगमरवराचा व्यापारी आहे, तो पुढे स्वतःच 'डॉक्टर', म्हणजे मालिकेचा कालप्रवासी नायक झाला (या भूमिकेत नट बदलत राहतात).

खवचट_काका
चेहरे कसले शोधताय, लेखक धरा! मॉफटचा 'ब्लिंक' (२००७) बघा. डॉक्टर जेमतेम दिसतो, शेरलॉकमधलं कोणी नाही, पण पापणी लवायच्या आत पुढे सरकणारे दगडी देवदूत बघून घरातले सगळे दिवे लावाल.

रात्रपाळी
काका, त्यांनी चेहरे विचारलेत हो :) पण 'ब्लिंक'ला माझंही मत.

कोथिंबीर_जुडी
शेरलॉकमध्ये लेडी स्मॉलवुड झालेली लिंडसे डंकन 'द वॉटर्स ऑफ मार्स'मध्ये (२००९) मंगळावरच्या तळाची प्रमुख आहे. एकटीने बघू नका. शेरलॉकमधल्या खलनायक कल्व्हर्टन स्मिथचं ते ओशट हसू आवडलं असेल (मला अजून किळस येते), तर 'एमीज चॉइस'मध्ये (२०१०) टोबी जोन्स बघा. दोन जगं, त्यातलं स्वप्न कोणतं ते ओळखायचं. माझ्या मते हा त्याचा कल्व्हर्टनपेक्षा सरस रोल.

आणि एक गंमत. मॅट स्मिथने शेरलॉकमधल्या वॉटसनसाठी ऑडिशन दिली होती. तिथे जमलं नाही, मग डॉक्टर झाला. पण वॉटसन झालेल्या मार्टिन फ्रीमनशिवाय वॉटसन? नकोच.

खवचट_काका
ही देवाणघेवाण आजची नाही. पीटर कुशिंगने १९५९च्या सिनेमात होम्स केला आणि १९६५मध्ये मोठ्या पडद्यावर डॉक्टर. टॉम बेकर १९७७च्या एका कथेत डॉक्टर असतानाच होम्ससारखी टोपी घालून फिरला, आणि १९८२मध्ये बीबीसीसाठी खराखुरा होम्स झाला. आपल्या लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी तर १९६३ची डॉक्टर हूची पहिलीच कथा दिग्दर्शित केली. आणि ती कथा कशी बनली यावर गॅटिसने लिहिलेल्या चित्रपटात (२०१३) त्यांची भूमिका करणारा सचा धवन शेरलॉकमधला अजय! विषय तिथेच येतो बघा फिरून.

मिठाची_बरणी
काल पॉम्पेई लावला. भविष्यवेत्ता आत येताच आई म्हणाली, "अगं, हा तर तो गोळ्यावाला!" त्यानंतर ज्वालामुखी फुटेपर्यंत जागची हलली नाही, भाजी करपली. आज 'ब्लिंक'. काका, दिवे लावूनच बघतोय.