‘लोकायुक्त’मधला आयुक्त कसला?

प्रश्न : महापालिका आयुक्तांनी सही केली की बांधकाम पडतं. मग सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या लोकायुक्तांच्या बातमीत नेहमी ‘शिफारस केली’ एवढंच का? आणि अशा ‘वॉचडॉग’ला मराठीत काय म्हणायचं?

– आयुक्त म्हणजे नेमलेला, बस्स. हुकूम चालवायचा अधिकार ज्या कायद्याखाली नेमणूक झाली त्यातून येतो. आपला लोकायुक्त कायदा १९७१चा, आणि १९७२ साली ही संस्था प्रत्यक्ष सुरू करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. (ओडिशानं कायदा आधी केला, संस्था मात्र पुष्कळ नंतर.) त्या कायद्यात लोकायुक्त चौकशी करतात आणि शिफारस कळवतात. खात्यानं दाद दिली नाही, तर राज्यपालांकडे विशेष अहवाल, तिथून तो विधिमंडळापुढे. मुख्यमंत्री त्याच्या कक्षेबाहेर. २०२२च्या विधेयकात त्यांना आत घेतलं, पण चौकशीला विधानसभेच्या दोन तृतीयांश सदस्यांची मंजुरी हवी. म्हणजे दार उघडलं, साखळी तशीच!

– ‘वॉचडॉग’ला ‘जागल्या’ सुचवतो. गावात रात्री फिरून हाळी देणारा.

– शब्द झकास, पण वर्तमानपत्रांनी तो ‘व्हिसलब्लोअर’साठी उचललाय. आतली बातमी बाहेर फोडणारा तो जागल्या. लोकायुक्त बाहेरून तपासणारे. मी सरळ ‘देखरेख यंत्रणा’ लिहीन. रुक्ष आहे, चालेल.

– शिफारशीला अगदीच कमी लेखू नका. कर्नाटकात २०११ साली बेकायदा खाणींवरचा तिथले लोकायुक्त संतोष हेगडे यांचा अहवाल आला आणि येडियुरप्पांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं.

– मान्य. पण कर्नाटकच्या लोकायुक्तांकडे पोलीस होते, धाडी घालत. नाव एक, हत्यारं वेगळी.

– ताई, माझ्या काकांची सातबाऱ्यावरची फेरफार नोंद तलाठ्याकडे अडून आहे. लोकायुक्तांकडे जाता येईल?

– येईल, पण अर्जात दोन शब्दांची गल्लत करू नका. नुसती दिरंगाई झाली तर ते ‘गाऱ्हाणं’. नोंदीसाठी पैसे मागितले असतील तर ते ‘अभिकथन’, म्हणजे गैरवर्तनाचा आरोप. गाऱ्हाण्याला कळल्यापासून बारा महिन्यांची मुदत, अभिकथनाला घटनेपासून तीन वर्षांची. आधी तहसीलदारांकडे लेखी अर्ज करून त्याची पोच घ्या, तीच कागदपत्रं पुढे जोडता येतील. आणि काकांना विचारा, तलाठ्यानं नक्की मागितलं काय होतं.