राउटर बंद केल्याने भागत नाही
मुलं रात्री उशिरापर्यंत फोनवर असतात, त्यावर घरचा वायफाय राउटर बंद केला की प्रश्न मिटला, असं काही जण म्हणतात; ते मला अर्धंच पटलं. सिम असलेल्या फोनला राउटर लागतो कशाला? शिवाय आधीच डाउनलोड केलेले गेम आणि व्हिडिओ नेट नसतानाही पांघरुणाखाली मजेत चालतात. त्यापेक्षा अँड्रॉइडवर 'फॅमिली लिंक' या गुगलच्या पालकांसाठीच्या अ‍ॅपमध्ये मुलांच्या फोनला झोपेची वेळ लावा. त्या वेळी फोनच लॉक होतो, आलेला कॉल मात्र घेता येतो. आयफोनच्या सेटिंगमधल्या स्क्रीन टाइममध्येही २०१८ पासून ठरलेल्या वेळी अ‍ॅप बंद ठेवणारी 'डाउनटाइम' ही सोय आहे.

आमच्या कन्येचं ठरलेलं उत्तर, "अलार्मला फोन लागतो." तिला साधं गजराचं घड्याळ दिलं आणि चार्जर बाहेरच्या खोलीत नेला. आमचेही फोन तिथेच असतात, नाहीतर ती कसली ऐकतेय! आणि कपाटातला जुना फोनही एकदा बघून घ्या, सिम नसलं तरी वायफायवर त्याचं सगळं चालतं.